बसायची जागा

घर बांधायचं म्हणून कुणी आलं की खोल्या किती हव्यात हे मी आधी विचारत नाही. सध्याच्या घरात संध्याकाळी कुठे बसता, ते विचारतो. उत्तराला वेळ लागतो. नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि मग कुणीतरी सांगतं, मागच्या दाराच्या पायरीवर. दिवाणखान्यातल्या सोफ्याचं नाव फार क्वचित निघतं. एवढं कळलं की माझा नकाशा सुरू होतो.

धारवाडच्या पश्चिमेला, गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं केलगेरी, जिथे मी घरं बांधतो, आता शहरातच मिसळलंय. मलनाडचा ओला मुलूख इथे संपत येतो आणि पूर्वेची उघडी काळी रानं सुरू होतात. ही सीमा घरांच्या छपरांवरही दिसते. पश्चिमेच्या गावांत उतरती कौलं, नवलगुंदकडे गेलं की मातीची सपाट धाबी. धारवाडात दोन्ही. बासेल मिशन इथे १८३७ साली आलं. त्याच मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि ती लाल कौलं घाटावरच्या गावोगावी पोचली. पायाला लागणारा दगडही इथलाच. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ज्या खडकांना धारवाडचं नाव आहे, ते अडीच अब्ज वर्षांहून जुने आहेत. या दगडावर उभी केलेली दोन फुटी मातीची भिंत दुपारचं ऊन आत यायला इतका उशीर करते, की ते पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि तोवर खिडक्यांतून गार वारा सुटलेला असतो. पाच इंची स्लॅबखाली झोपणाऱ्याला हे सुख मिळत नाही. दिवसभर तापलेलं छप्पर रात्री त्याच्याच अंगावर ऊब सोडत राहतं.

केलगेरीत प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाला तिथलं तळं दिसायला हवं असतं. ही इच्छा मला फार योग्य वाटते. घरी मराठी बोलणाऱ्या कवी बेंद्र्यांनी जवळच्याच साधनकेरी तळ्यावर कन्नडमध्ये कविता लिहिली, 'बारो साधनकेरिगे'. ये, असं बोलावणं आहे ते, आणि आपल्या चार भिंतींत नव्हे, सगळ्या परिसरात. भोवतालचं पाणी, झाडं, पाऊस हे आपल्या घराचेच भाग आहेत असं ज्याला वाटतं, त्याचं काम करायला मला आवडतं.

पण ज्यांची जागा तळ्याच्या पूर्वेला, त्यांना तळं दिसणार पश्चिमेला. तिकडूनच जून ते ऑगस्ट पाऊस झोडपतो, आणि तिकडूनच मे महिन्याचं चारनंतरचं ऊन आत शिरतं. लोक मजल्याएवढी काच मागतात. मी हात जोडून नाही म्हणतो. पाण्यावरचं ऊन खालून उसळून येतं, त्यामुळे वरची वळचण कितीही लांब काढली तरी ते अडत नाही. त्याला अडवायला खाली काहीतरी लागतं: कमरेएवढी भिंत, जास्वंदीचं कुंपण, अंगणातली दाट झुडपं. काच लावलेल्या घरांत दुपारी पडदे ओढलेलेच असतात. मग तळं कुणी बघायचं?

त्याऐवजी मी जाड भिंतीत एकच खोल खिडकी ठेवतो. तिची बैठक जमिनीपासून सतरा इंचांवर, म्हणजे पाय टेकवून बसता येतं. लांबी अशी की एक माणूस पाय पसरून बसेल किंवा दोघं समोरासमोर. झडपा वरच्या-खालच्या वेगळ्या. चकाकी आली की खालची लावायची, वारा वरून खेळता ठेवायचा. हिवाळ्यात सूर्य उतरला की पाणी जवळ असेल तर लाटांचा उजेड आढ्यावर हलू लागतो. तो आढ्यावर पडावा म्हणून मी छताला चुन्याचा हात देतो, तिथे दिवे टांगत नाही. एवढ्यासाठी भिंत जाड करायचा खर्च पटवून द्यायला मला तासन्‌तास बोलावं लागतं, आणि मी बोलतो.

जुन्या वाड्यांची सागवानी दारं आता उतरवून शहरांतल्या हॉटेलांत शोभेला जातात. ते बघवत नाही. मिळेल ते दार मी दार म्हणूनच बसवतो, उंबऱ्यासकट.

एका घराचा नकाशा सगळ्यांना पसंत पडला होता. कोपऱ्यात बसलेल्या आजी तेवढ्या गप्प होत्या. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला चुलीपाशी उभं राहून दारात कोण आलं ते दिसायला पाहिजे, बाळा." जुन्या घरांत सोपा, माजघर आणि स्वयंपाकघर यांची दारं एका रेषेत असायची, वारा आरपार जायचा आणि नजरही. आम्ही तीन भिंती सरकवल्या, एक कपाट काढलं. राहायला आल्यावर त्यांच्या सुनेने त्याच रेषेत, माजघरात, आपलं शिलाईमशीन मांडलं.