पहाटे चार एकवीस

खरं सांगू? दोन वर्षांपूर्वीपर्यंत देव हा माझ्यासाठी फीचरचा विषय होता. आषाढी आली की वारीवर आठशे शब्द, बास! मास कम्युनिकेशनच्या डिग्रीनं प्रश्न विचारायला शिकवलं होतं, हात जोडायला नाही.

मग एका पावसाळ्यात सगळंच कोसळलं. हातातलं मोठं काम गेलं, चेक अडकले, ब्रेकअप झालं. पण कारणं मोजण्यात अर्थ नाही. याहून वाईट दिवस मी हसत काढले होते. या वेळी मात्र झोप उडाली, भूक मेली आणि 'आपण नसलो तर सगळ्यांचंच बरं होईल' असं वाटायला लागलं. रोज. दात घासताना, रिक्षात, अगदी इंटरव्ह्यू घेतानाही. एका नातेवाइकांना अर्धवट सांगून पाहिलं. ते म्हणाले, "नामस्मरण कर, मन खंबीर होतं." त्यानंतर कुणाला सांगायचं धाडसच झालं नाही.

चार दिवस राहते म्हणून आजीकडे कोयनानगरला गेले. तिला काही सांगायचं नव्हतंच. पण तिसऱ्या रात्रीही मी टक्क जागी होते आणि पहाटे चारला आजी उठली. ती रोजच उठते. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी इथे भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. आजीचा पहिला मुलगा, मी कधीच न पाहिलेला काका, त्यातच गेला. आमच्या घरात यावर कुणी बोलत नाही.

"झोप येत नाही ना?" तिनं विचारलं आणि मी सगळं बोलून टाकलं. मरणाचंसुद्धा.

ती दचकली नाही. 'वेडी आहेस का' नाही, 'आईबापाचा विचार कर' नाही. एवढंच म्हणाली, "मलापण वाटायचं गं. भूकंपानंतर वर्षभर."

"मग?"

"मग काय, विठोबाशी भांडायचे. माझं पोर का नेलंस, सांग. रोज पहाटे. भांडण अर्धवट टाकून जाता येतं होय?"

तुकोबा मी परीक्षेसाठी वाचले होते. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेला हा माणूस अभंगांतून विठ्ठलाला चक्क फैलावर घेतो, हे माहीत होतं. त्याचा अर्थ त्या पहाटे कळला. मला वाटायचं, श्रद्धा म्हणजे खंबीर राहणं. आजीची श्रद्धा म्हणजे खंबीर न राहण्याची हक्काची जागा होती.

त्या दिवशी तिच्याशेजारी बसून हरिपाठ म्हटला. निम्म्यातच रडू फुटलं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. उजाडल्यावर आजी म्हणाली, "आवर. कराडला डॉक्टरकडे जायचंय."

"आणि तुझा विठोबा?"

"भूकंपात माझा पाय मोडला तेव्हा काय अभंग म्हणत बसले होते? प्लास्टर घातलं. अभंग नंतर."

डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं : डिप्रेशन. गोळ्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे गेले. काउन्सेलिंग अजून चालू आहे. मधे एकदा पुन्हा घसरलेही. पण तेव्हा लपवलं नाही. पहाटे चारला फोन केला, कारण एक माणूस त्या वेळी नक्की जागं असतं हे माहीत होतं.

देव आहे की नाही, मला अजूनही ठरवता आलेलं नाही. हरिपाठ मात्र म्हणते. गोळी घेतल्यावर.

तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधलं कुणी गप्प गप्प झालं असेल तर सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, बोलायला वाट मिळते. आणि ते कुणी म्हणजे तुम्हीच असाल, तर आज रात्रीच कुणाला तरी सांगा. कुणीच आठवलं नाही, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतूनही.

कोयनेची जमीन अजून अधूनमधून हलते. परवा आजी फोनवर म्हणाली, "काल जरा भांडी वाजली."

"मग?"

"मग काय? बाहेर आले, थोडी थांबले, परत आत गेले. तू गोळी घेतलीस का?"