डेक्कन क्वीन, टॅब आणि मी

सकाळी सव्वासातला पुणे स्टेशनातून डेक्कन क्वीन सुटली, की डब्यात अर्धी ऑफिसं उघडतात. १९३० पासून धावणारी ही राणी म्हणजे आम्हा अप-डाऊनवाल्यांचं चाकांवरचं क्युबिकलच. १९२ किलोमीटर, तीन तासांहून थोडं जास्त. मग खांद्यावर रोज लॅपटॉपचं ओझं कशाला? एक महिना फक्त आयपॅड आणि ब्लूटूथ कीबोर्ड घेऊन निघाले.

लोणावळ्यापर्यंत एकदम झक्कास! मेल्स, प्रेझेंटेशनवर शेवटचा हात, पीडीएफवर सही... सगळं फटाफट. इवल्याशा टेबलावर आयपॅडही मावतो आणि ऑम्लेटची प्लेटही.

मग लागतो घाट. बोगदे सुरू झाले, की नेटवर्क गायब आणि क्लाउडवरची शीट ढिम्म. यावर उपाय सोपा: फाइल घरूनच डाऊनलोड करून ठेवायची. खरी गोची पुढेच. आमच्या टीममधल्या चाळीस जणांचा पगार ज्या एक्सेल फाइलमधून निघतो, ती मॅक्रोवर चालते आणि आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालतच नाहीत! कर्जत आलं तरी तो आकडा काही हलणार नसतो.

तेव्हा आता महिनाअखेरचे तीन दिवस लॅपटॉप, एरवी आयपॅड. पाठही खूश, टीमही खूश!

तुम्हीही घेताय? मग आधी रॅम-प्रोसेसर राहू द्या. आठवडाभराच्या कामांची यादी करा आणि टॅबवर न होणारं एकच काम शोधा. त्यावर कुणाचा पगार अडत असेल, तर लॅपटॉप विकू नका, बॉस!