विकणें आहे

“विकणें आहे” हे दोन शब्द दिसावयास किती साधे! वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर ते आम्हीं आजवर हजारों वेळां वाचले असतील. पण त्यांच्यामागें कोणी मनुष्य बसलेला असतो, असें एकदांहि मनांत आलें नव्हतें. गेल्या हिंवाळ्यांत तेच शब्द स्वतः लिहिण्याची पाळी आमच्यावर आली. कागद पुढें ओढला, “जुनी जीपगाडी, मॉडेल १९९१, विकणें आहे,” इतकें लिहिलें, आणि पुढें गाडीची स्थिति लिहावयाची तेथें लेखणी अडली. “उत्तम स्थितींत” लिहावें तर तें खोटें होतें. “मोडक्या स्थितींत” लिहावें तर तें अधिकच खोटें वाटूं लागलें. शेवटीं ती जागा आम्हीं कोरीच ठेवली. ही कोरी जागा पुढें आम्हांला चांगलीच भोंवली. पण तें सांगण्यापूर्वीं गाडीची ओळख करून दिली पाहिजे.

आम्ही भूगर्भशास्त्राचे अध्यापक. आमच्या विषयाचीं पुस्तकें कॉलेजच्या ग्रंथालयांत असलीं तरी मूळ ग्रंथ डोंगरांत पसरलेला असतो, आणि तो वाचावयास जाण्याकरितां वाहन लागतें. १९९९ सालीं, वयाची तिशी उलटण्यापूर्वींच, एका सरकारी खात्याच्या लिलावांत आम्हीं ही गाडी ७२,००० रुपयांस घेतली. त्यांतले ५०,००० पतपेढीचे होते. “एवढ्या पैशांत जुनी मारुती आली असती, आणि तिला दारें तरी असतीं,” हा आमच्या कुटुंबाचा अभिप्राय आम्हीं त्या दिवशीं ऐकला, आणि पुढें सव्वीस वर्षें प्रत्येक पावसाळ्यांत ऐकत आलों. अभिप्राय वस्तुस्थितीस धरून होता. गाडीला दारांच्या जागीं कॅनव्हासचे पडदे होते, आणि कोल्हापूरचा आषाढ त्यांना मुळींच जुमानीत नसे.

गाडीच्या कुळाविषयीं मात्र आम्हांला अभिमान वाटे. १९४० सालीं, युरोपांत युद्ध पेटलेलें असतां, अमेरिकन सैन्यानें १३५ कारखानदारांकडे एका हलक्या, चारी चाकांना जोर पोंचणाऱ्या गाडीची मागणी केली, आणि पहिला नमुना करून देण्यास ४९ दिवसांची मुदत घातली. बँटम नांवाच्या एका लहानशा, डबघाईस आलेल्या कंपनीनें तो नमुना मुदतींत करून दिला. सैन्यानें त्याचे आराखडे विलिस व फोर्ड ह्या बड्या घरांच्या हातीं दिले, आणि युद्ध संपेपर्यंत ह्या दोघांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बाहेर काढल्या; बँटमच्या वांट्यास तीन हजारहि आल्या नाहींत. (ज्यांचीं टिपणें दुसऱ्यांच्या प्रबंधांत छापलीं गेलीं आहेत, अशा प्राध्यापकांस ही कथा वाचून फारसें नवल वाटणार नाहीं.) इकडे आपल्या देशांत १९४५ सालीं महिंद्र आणि महंमद अशी कंपनी निघाली. फाळणीनंतर महंमद पाकिस्तानांत गेले व पुढें तेथील गव्हर्नर जनरल झाले. कंपनीचें नांव १९४८ मध्यें महिंद्र आणि महिंद्र असें झालें, आणि विलिसच्या जीपा येथें जोडण्याचें काम तिच्याच हातून झालें. आमची गाडी ह्या वंशांतली, एमएम ५४० जातीची. सांगाडा जुन्या विलिसच्या वळणाचा, डिझेल इंजिन प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीच्या परवान्यानें केलेलें, आणि उरलेलें सारें कोल्हापूरच्या उद्यमनगरांतलें. कारण बाजारांत जो भाग मिळत नसे तो आमचा मिस्त्री तेथल्या एखाद्या लेथवर करून आणी, आणि तो मूळच्यापेक्षां अधिक दिवस टिके.

मोठ्या दांडीशेजारीं एक लहान दांडी होती. ती टाकली कीं पुढच्या चाकांनाहि जोर मिळे. आणखी खालच्या गतींत घातली कीं गाडी माणसाच्या चालीनें, पण न थांबतां, चढूं लागे. मसाईच्या पठारावर, राधानगरीकडच्या लाल वाटांनीं, गगनबावड्याच्या अंगास, अशी किती वेळां गेली त्याची मोजदाद नाहीं. मागच्या समोरासमोरच्या बांकांवर सहा-सात विद्यार्थी दाटीवाटीनें बसत. वाटेंत कोठेंहि उतरलें तरी पायांखालीं तोच ग्रंथ उघडलेला असे: खालीं सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींचा काळा बेसॉल्ट, वर जांभ्याची तांबडी टोपी. पहिल्या दिवशीं आम्ही विद्यार्थ्यांना दगड ठोकावयास शिकवितों. ताजा बेसॉल्ट हातोडीखालीं खणखणतो; आंतून कुजलेला असेल तर बद्द वाजतो, मग तो वरून कितीहि काळाभोर दिसो. आणि “वहींत जें आहे तें लिहा, जें असावेंसें वाटतें तें लिहूं नका,” असेंहि बजावितों. नमुन्याचा दोष लपविणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण आम्हीं आजवर निष्ठुरपणें कापीत आलों आहों. ह्या वाक्याची आठवण वाचकांनीं थोडा वेळ ठेवावी.

२०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेस महापूर आला. धोक्याची पातळी ४३ फुटांची. पाणी ५५ फुटांच्याहि वर गेलें. शिरोलीपाशीं हमरस्ता कित्येक दिवस बंद होता. त्या दिवसांत मोठमोठ्या चकचकीत मोटारी आपापल्या तळघरांत बुडून बसल्या असतां आमची ही म्हातारी मात्र रस्त्यावर होती. डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. हवा ओढण्याचें तोंड बुडेपर्यंत तें पाण्यास भीत नाहीं. तीन दिवस आम्हीं तिच्यांतून दूध नेलें, औषधें नेलीं, लोकांचीं म्हातारीं माणसें व त्यांच्या ट्रंका नेल्या, आणि एका रात्रीं एका अवघडलेल्या बाईस इस्पितळांत पोंचविलें. पाय ठेवण्याच्या पत्र्यावरून पाणी वाहत होतें आणि ती बाई आम्हांलाच धीर देत होती. आमच्या पंचावन्न वर्षांच्या आयुष्यांत ज्यांचा उल्लेख करतांना लाज वाटूं नये असे जे थोडे दिवस आहेत, त्यांत हे तीन येतात.

पण पुराचें पाणी ओसरलें तरी गाळ राहतो. गाडी आम्हीं वरून धुतली, इंजिनाचें तेल बदललें, चाकांचें ग्रीस बदललें. चासीच्या पोकळ लोखंडांत जो गाळ शिरला होता तो तेथेंच बसला, आणि पुढचीं सहा वर्षें ओल धरून त्यानें आपलें काम केलें. गेल्या पावसाळ्यांत मिस्त्रीनें गाडीखालून हांक मारली. मागच्या पाट्याच्या कडीजवळ चासीला बोटभर लांब चीर गेली होती. “पट्टी मारून देतो सर,” तो म्हणाला, “पण मग पोरं घालून घाटांत न्यायची न्हाई.” आमचा डावा गुडघा तर त्यापूर्वींच क्लचशीं भांडूं लागला होता. शिवाय नोंदणीची मुदत २०२६ मध्यें संपावयाची होती. वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणास ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये पडतात. २०२२ च्या एप्रिलपूर्वीं हेच काम ६०० रुपयांत होई. हीं सारीं कारणें आम्ही लोकांना सांगत असूं. खरें कारण एकच होतें: विद्यार्थ्यांना घेऊन घाट चढावयाचा नसेल, तर ती गाडी आमच्या दारांत उभी राहून काय करणार?

पट्टी आम्हीं मारून घेतली नाहीं. विकावयाचीच आहे, घेणारा पाहून घेईल, असें मनाशीं म्हटलें. आणि जाहिरात दिली.

पहिला गिऱ्हाईक पुण्याचा एक तरुण होता. गाडी कापून उंच करावयाची, रुंद चाकें घालावयाचीं, कपाळावर दिव्यांची रांग लावावयाची आणि इंजिनहि दुसरें बसवावयाचें, असा त्याचा बेत होता. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें मूळ रचनेंत असे फेरफार चालत नाहींत, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तसेंच सांगितलें आहे, हें आम्हीं त्यास समजावून दिलें. “सगळेच करतात, सर,” असें तो म्हणाला. मग आम्हीं त्याला चासीची चीर सांगितली. ती सांगतांना आम्हांला काडीचाहि संकोच वाटला नाहीं, किंबहुना समाधानच वाटलें. तो पुन्हां आला नाहीं. दुसरा आला तो भंगारवाला. त्यानें गाडीभोंवतीं एक फेरी मारून किलोचा भाव सांगितला, आणि आमच्या कुटुंबानें त्यास चहा न विचारतां निरोप दिला.

तिसरे आले ते बापलेक, गगनबावड्याच्या बाजूच्या एका वाडीचे. मुलगा पंचविशींतला; वडिलांना तो “आण्णा” म्हणे. वाडीपासून डांबरी सडकेपर्यंतचा दोन मैलांचा रस्ता पावसाळ्यांत नुसता चिखल असतो. दुधाच्या किटल्या डोक्यावरून आणाव्या लागतात, आणि आजारी माणूस डोलींतून. त्यांना हीच गाडी हवी होती, दुसरी कोणतीहि नको होती. गाडी जावी तर अशाच घरीं, असें आम्हांला वाटलें, आणि येथेंच आमचें पाऊल घसरलें.

चहा झाला. हिटर धरून गाडी एका दमांत सुरू करून दाखविली. चीर सांगावयाची म्हणून आम्हीं तीन वेळां तोंड उघडलें. पहिल्या वेळीं पाटे दोन वर्षांपूर्वींच नवे घातले आहेत असें सांगितलें. दुसऱ्या वेळीं महापुराची सगळी हकीकत सांगितली. तिसऱ्या वेळीं बॅटरीची पावती काढून दाखविली. मुलगा खूष होऊन ऐकत होता. आण्णा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं चालकाच्या बैठकीखालीं हात घालून आमची दगड फोडण्याची हातोडी बाहेर काढली, अंगणांतलें एक पोतें ओढलें आणि ते गाडीखालीं शिरले.

चासीवर ठोके पडूं लागले. खण्, खण्, खण्. आणि मग बद्द. ठोका थांबला. पुन्हां त्याच जागीं दोनदां पडला. त्या वेळीं आम्हीं काय केलें? बॅटरीच्या पावतीची बारीक घडी घातली.

आण्णा बाहेर आले, गुडघे झटकले, आणि मुलाकडे न पाहतां आमच्याकडे पाहून म्हणाले, “हितं आत गाळ बसलाय, सर. चीर बी हाय.”

“आम्ही सांगणारच होतों,” आम्ही म्हणालों.

“व्हय की,” ते म्हणाले.

त्या शब्दांत उपहास असता तर बरें झालें असतें; तो मुळींच नव्हता. कॉलेजांतला सर म्हणतो तर सांगणार असेलच, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आम्ही खरोखर सांगणार होतों काय? त्या दिवसापासून हा प्रश्न आम्हीं स्वतःस अनेकदां विचारला आहे. सांगितलें असतें, असें वाटतें. पैसे मोजून झाल्यावर, किंवा कागदांवर सह्या करतांना, किंवा ते वाडीवर पोंचल्यावर दूरध्वनीनें. एखाद्या विद्यार्थ्यानें असें उत्तर दिलें असतें तर आम्हीं त्याची वही मिटून परत दिली असती. आणि ही चीर पुस्तकांतली नव्हे. पुढच्या श्रावणांत तिच्यावर भार पडणार होता तो दुधाचा आणि डोलींतल्या माणसाचा.

“गाडी घेऊं नका,” आम्ही म्हणालों.

“पट्टी मारायला चार हजार जातील. तेवढं सोडा,” आण्णा म्हणाले. मग हातोडी पुन्हां बैठकीखालीं ठेवीत सहज विचारल्यासारखें म्हणाले, “आनि काय सांगायचं ऱ्हायलंय?”

मग मात्र आम्ही थांबलोंच नाहीं. तिसरा गिअर उतारावर सुटतो. डावा ब्रेक उजव्याच्या आधीं धरतो, म्हणून ओल्या रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते. पुढच्या पायाखालचा पत्रा रंगानेंच धरून ठेवला आहे. पाणी काढणारी काडी जोराच्या पावसांत नेमकी थांबते. इंजिन रात्रींतून अंगणांत पावशेर तेल टाकतें. मुलगा सारें आपल्या मोबाईलवर लिहून घेत होता. तो मध्येंच म्हणाला, “सर, चांगलं बी कायतरी सांगा की!” तेव्हां आण्णा प्रथमच हंसले.

भावाची गोष्ट उलटीच झाली. आम्हीं १,२०,००० सांगितले होते, ते स्वतःच ८०,००० वर आणले. आण्णा तें ऐकेनात. फुकटांत घेतलेल्या गाडीला कोणी जीव लावीत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. शेवटीं ९५,००० वर तुटलें. पौष संपेपर्यंत गाडी न्यावयाची नाहीं असें त्यांनीं सांगितलें, आणि आम्हांला ती आणखी अकरा दिवस मिळाली. त्या अकरा दिवसांत आम्हीं ती एकदांहि चालविली नाहीं. फक्त उद्यमनगरांत नेऊन पट्टी मारून घेतली. चार हजार सोडलेले होतेच, तरीहि तो खर्च आम्हींच केला. मिस्त्रीनें चासींतून जो गाळ खरवडून काढला तो ओंजळभरसुद्धां नव्हता.

नमुना २९ आणि नमुना ३० यांवर सह्या झाल्या. गाडी गेली तेव्हां आम्ही आंत चष्मा शोधीत होतों. कुटुंब दारांत उभें होतें. “वळणावर एकदां बंद पडली, मग गेली,” असें त्यांनीं आंत येऊन सांगितलें. दारांविषयीं त्या दिवशीं कांहीं बोलल्या नाहींत.

आठ-दहा दिवसांनीं मुलाचा दूरध्वनि आला. गाडी वाडीपर्यंत चढली होती. चिखलांतून नव्हे, अजून धूळच होती. पुढच्या पायाखालीं त्यांनीं नवा पत्रा घातला होता. “आनि सर, तुमची हातोडी बसायच्या खालीच ऱ्हायलीया. पाठवून देऊ का?” आम्ही म्हणालों, असूं दे, त्या बाजूस येणें होईल तेव्हां नेऊं. अद्याप जाणें झालें नाहीं. विद्यार्थ्यांना घेऊन आतां भाड्याच्या मोटारीनें जातों. ती सडकेवर उभी राहते, आणि पुढें आम्ही चालतों. हातोडी दुसरी घेतली आहे. तिचा दांडा अजून हातांत बसलेला नाहीं.