नौदलाच्या कोटाचे वय

इंग्रजीत ज्याला 'पी कोट' म्हणतात, त्या जाड, गडद निळ्या, दोन ओळींत बटणे असलेल्या आखूड कोटाचा वाटाण्याशी काडीचाही संबंध नाही. डच भाषेत जाड्याभरड्या लोकरी कापडाला 'पै' असा शब्द आहे. त्याचाच हा इंग्रजी अवतार होय, असे बहुतेक कोशकार मानतात. भाषांतरावर उदरनिर्वाह करणाऱ्या माझ्यासारख्याला शब्दांचे मूळ शोधण्याची खोड असते. जुन्या कपड्यांचे वय ओळखण्याची विद्याही मला तिचीच बहीण वाटते.

अमेरिकी नौदलाचेच कोट घेऊ. बटणावर नांगर आणि त्याला वेढलेला दोर असतो. त्याभोवती तेरा तारे असतील, तर ते बटण बहुधा दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या काळातले. पुढच्या बटणांवर नुसताच नांगर. त्या युद्धातील कोटांच्या खिशांना आतून कॉर्डरॉयचे मऊ अस्तर असे. बाहीवर पेटी ऑफिसरची निशाणी, म्हणजे गरुड व त्याखालच्या कोनाकार फिती, असेल, तर ती कोणत्या बाहीवर आहे तेही पाहावे. पूर्वी काही शाखांची निशाणी उजव्या बाहीवर असे; १९४९ पासून ती सर्वांच्याच डाव्या बाहीवर आली.

परंतु बटण तुटते, निशाणी उसवून दुसरी लावता येते. विक्रेत्यांनाही हे ठाऊक असते! म्हणून खरी साक्ष आतल्या चिठ्ठीची. तिच्यावर 'डीएसए' ही अक्षरे असल्यास कोट १९६१ पूर्वीचा असूच शकत नाही, कारण संरक्षण खात्याला माल पुरविणारी ती संस्था त्याच वर्षी स्थापन झाली. १९७७ मध्ये तिचे नाव बदलून 'डीएलए' झाले. कंत्राटाच्या क्रमांकातील दोन आकडे आर्थिक वर्ष सांगतात: '६८' म्हणजे जुलै १९६७ ते जून १९६८. ते वर्ष कंत्राटाचे असते. शिलाई थोडी मागाहूनही झालेली असेल.

दिल्लीत आमच्या शेजारी रत्नागिरीकडच्या एक काकू राहतात. त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर खलाशी होते. अमेरिकेच्या एका बंदरात त्यांनी जुना कोट विकत घेतला आणि घरी येऊन 'हा लढाईतला आहे' एवढेच सांगितले. ते गेल्यावर मुलाने गिऱ्हाईक शोधले. दुसऱ्या महायुद्धातला असल्याचे कोणी लिहून दिले, तर तो दुप्पट किंमत द्यायला तयार होता. लिहून देण्यासाठी मुलगा कोट घेऊन माझ्याकडे आला, काकूही बरोबर आल्या. छातीवरच्या एका बटणावरचे तेरा तारे त्याने मला मोठ्या उत्साहाने मोजून दाखविले.

उरलेल्या बटणांवर एकही तारा नव्हता. ताऱ्यांच्या बटणाचा दोरा तेवढा काळ्याऐवजी तपकिरी होता, आणि चिठ्ठीवर स्पष्ट होते: डीएसए, ६८.

मुलाचा चेहरा उतरला. काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, "ते बटण त्यांनीच कुठल्याशा बंदरात मिळवून लावलं होतं. बोटीवर ते लागले एकाहत्तर साली. लढाई कोणती, ते आम्ही कधी विचारलंच नाही."

१९६८ साली अमेरिका व्हिएतनाममध्ये लढत होती. हा कोट तिकडे गेला होता की नाही, हे चिठ्ठी सांगत नाही. म्हणून तेही मी लिहिले नाही. कंत्राटाचे वर्ष लिहिले, आणि एक बटण कोटाहून जुने असल्याचे लिहिले. गिऱ्हाइकाने किंमत निम्म्यावर आणली. मुलगा तेवढ्यावरही राजी होता. काकूंनी कोट झटकला, खिशांत डांबराच्या गोळ्या घातल्या आणि तो पुन्हा ट्रंकेत ठेवला.