हेल्मेटात मावणारी स्मोकी

फेब्रुवारी १९४४. न्यू गिनीच्या जंगलात एका अमेरिकन सैनिकाची जीप बंद पडली आणि जवळच्या ओसाड खंदकात त्याला एक कुत्री सापडली. पूर्ण वाढलेली, तरी वजन अवघं ४ पौंड, म्हणजे दोन किलोही नाही. उंची ७ इंच. अंगावर केसांचा नुसता गुंता. ती जपान्यांची असणार असं आधी सगळ्यांना वाटलं. युद्धकैद्यांच्या छावणीत नेऊन तिला जपानीत आज्ञा देऊन पाहिल्या, तर तिला जपानी कळेना आणि इंग्रजीही कळेना. हातोहात फिरत ती एका सार्जंटकडे आली. त्याला पत्त्यांच्या डावात परत बसायला पैसे हवे होते. क्लीव्हलंडहून आलेल्या बिल विन नावाच्या कॉर्पोरलनं २ ऑस्ट्रेलियन पौंड मोजले आणि कुत्री त्याची झाली. तिचं नाव स्मोकी.

ती होती यॉर्कशायर टेरियर. मुंबई-पुण्यात ही यॉर्की आता लिफ्टमध्ये भेटते. बहुधा कुणाच्या तरी कडेवर असते, डोक्यावर रिबिनीची शेंडी. तिला पाहून कुणालाही वाटावं, की ही राजवाड्यात जन्मलेली जात असणार. खरं तर तिचं मूळ गिरणीकामगारांच्या घरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडचे विणकर कामाच्या शोधात यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्यांकडे आले, तेव्हा त्यांनी आपले छोटे टेरियर बरोबर आणले. उंदीर मारणं हे त्या कुत्र्यांचं काम. पुढे त्यांच्यात संकर होत गेले, अंग लहान होत गेलं, केस रेशमी आणि लांब झाले. इतके, की हे कुत्रं मागावरच विणलं असावं अशी थट्टा तेव्हा चालायची.

या जातीचा मूळपुरुष मानतात तो हडर्सफील्ड बेन. जन्म १८६५. मेरी अॅन फॉस्टर या बाईंनी त्याला प्रदर्शनांतून फिरवलं आणि त्यानं सत्तरच्या वर बक्षिसं मिळवली. दिसायला देखणा होताच, पण उंदीर मारण्याच्या शर्यतींतही तो पुढे असे. १८७१ मध्ये, ऐन उमेदीत, तो घोडागाडीखाली सापडून मेला. आजच्या यॉर्कींमध्ये त्याचं रक्त आहे, आणि त्याचा स्वभावही. बिळात तोंड घालणं, धिटाई, हट्ट, दारावर पाऊल वाजलं की घर डोक्यावर घेणं, हे सगळं तिथून आलेलं आहे.

स्मोकीत हा स्वभाव पुरेपूर होता. विन पाचव्या हवाई दलाच्या छायाचित्रण-टेहळणी तुकडीत होता. स्मोकी त्याच्या तंबूत झोपायची, पत्त्यांच्या टेबलाच्या हिरव्या कापडाचं अंथरूण करून. त्याच्याच शिध्यातलं डबाबंद मांस ती खायची. ना जनावरांचा डॉक्टर, ना औषधं, ना कुत्र्यांचं वेगळं अन्न. १२ मोहिमांत ती विमानातून बरोबर गेली. रिकाम्या वेळात विन तिला खेळ शिकवत राहिला. मेल्याचं सोंग घेणं, दोरीवर चालणं, अक्षरं ओळीनं उचलून स्वतःचं नाव लावणं. हेल्मेटात बसलेल्या स्मोकीचा त्यानं काढलेला फोटो सैनिकांच्या ‘यँक’ मासिकाच्या स्पर्धेत गाजला.

पण तिचं नाव राहिलं ते जानेवारी १९४५ मधल्या एका कामामुळे. फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावर, लिंगायेनच्या आखाताजवळच्या धावपट्टीखालून तार न्यायची होती. खाली ७० फूट लांबीचा आणि ८ इंच व्यासाचा पाईप होता. सांध्यांमधून माती झिरपून तो जागोजागी निम्मा भरलेला, कुठे कुठे जेमतेम ४ इंच वाट उरलेली. पट्टी खणायची तर तीन दिवस लागणार, आणि शत्रूच्या माऱ्यात तेवढा वेळ विमानं आणि माणसं उघड्यावर राहणार. विननं स्मोकीच्या गळपट्ट्याला दोरी बांधली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला तार होती. मग तो पळत पाईपच्या पलीकडच्या तोंडाशी गेला आणि तिला हाका मारू लागला. ती आत शिरली. थोडं गेल्यावर दोरी कुठंतरी अडकली, ती थांबली, मागं वळून पाहू लागली. दोरी सुटली. आत धुरळा इतका, की विनला काही दिसेना. तो नुसता बोलत राहिला. अखेर २० फुटांवर दोन पिंगट डोळे चमकले, बारीक कण्हणं ऐकू आलं, आणि शेवटचं अंतर ती धावतच आली. नंतर पाच मिनिटं सगळे तिला थोपटत होते.

त्याआधी विन डेंग्यूनं आजारी पडून इस्पितळात होता. स्मोकीला त्याच्याकडे आणलं, तर परिचारिका तिला जखमी सैनिकांच्या खाटांकडे नेऊ लागल्या. रुग्णांना दिलासा देणारा, नोंद असलेला पहिला कुत्रा म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं.

युद्ध संपल्यावर विननं तिला ऑक्सिजन मास्कच्या पिशवीत लपवून जहाजानं घरी आणलं. मग क्लीव्हलंडच्या घरात तिचं दुसरं आयुष्य सुरू झालं. इस्पितळांत खेळ, टीव्हीवर खेळ, आणि उरलेला वेळ घरातलं कुत्रं.

स्मोकी जंगलात निभावली म्हणून यॉर्की कशीही ठेवावी, असं मात्र नाही. तिच्या अंगावर मऊ लोकरीचा आतला थर नसतो. केस माणसासारखे वाढत राहतात. रोज विंचरले नाहीत तर गाठी होऊन कातडी ओढली जाते. प्रदर्शनात न्यायची नसेल तर सरळ बारीक कापून घ्यावेत, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिला तेच सुखाचं. जबडा चिमुकला, त्यामुळे दुधाचे दात अडकून राहतात, पुढे हिरड्या सुजतात. दात घासायची सवय पिल्लू असतानाच लावावी लागते. श्वासनलिका नाजूक असल्यानं गळपट्ट्याला दोरी न लावता छातीवरून जाणारा हार्नेस वापरावा. सोफ्यावरून उड्या मारून गुडघ्याची वाटी सरकते. पिल्लू चार-सहा तास उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरून ते झोकांड्या खाऊ लागतं, म्हणून त्याला दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं द्यावं. आणि बेसनाच्या लाडवातला बेदाणा, चॉकलेट, कांदा-लसणाची भाजी यांतलं काहीही नको. दोन-तीन किलोच्या जिवाला थोडंसंही बाधतं.

‘टीकप’ म्हणून विकलं जाणारं पिल्लू ही वेगळी जात नव्हे. मुद्दाम खुजी ठेवलेली यॉर्कीच ती, आणि वर सांगितलेली सगळी दुखणी तिला जास्तच. त्यासाठी जादा पैसे मोजणं म्हणजे दुखणं विकत घेणं आहे.

स्मोकी २१ फेब्रुवारी १९५७ रोजी गेली, सुमारे १४ वर्षांची होऊन. विन कुटुंबानं तिला बंदुकीच्या गोळ्यांच्या एका रिकाम्या पेटीत ठेवून ओहायोतल्या रॉकी रिव्हरच्या उद्यानात पुरलं. २००५ च्या ११ नोव्हेंबरला तिथं तिचा कांस्यपुतळा उभा राहिला, हेल्मेटात बसलेला. विन तिच्या गोष्टी सांगत ९९ व्या वर्षापर्यंत जगला.

ज्यांच्या घरी यॉर्की आहे त्यांनी तिला रोज थोडा वेळ तरी कडेवरून खाली उतरवावं, चालू द्यावं, हुंगू द्यावं, आणि हाक मारली की यायला शिकवावं. त्या अंधाऱ्या पाईपमध्ये स्मोकीला वाट दाखवायला विनच्या हाकेखेरीज दुसरं काही नव्हतं.