दाराला माणूस कळतो

१९९३ सालच्या 'डूम' या खेळात दार नावाची वस्तूच नाही. असते ती एक पाऊलभर रुंदीची खोली, जिचं छत जमिनीला टेकवून ठेवलेलं असतं. पावसाळ्यात वरणगावला घरी लेव्हल एडिटर उघडून बसलं, की ही युक्ती मला दर वेळी नव्याने आवडते. चार रेघा ओढायच्या, छताची उंची जमिनीइतकी करायची आणि समोरच्या रेघेला सांगून ठेवायचं की कुणी येऊन कळ दाबली तर छत वर जाऊ दे. शेजारच्या छताच्या जरा खालीच ते थांबतं, म्हणून उघड्या दाराचीही कड दिसत राहते. सव्वाचार सेकंद वाट पाहून ते उतरू लागतं. खाली कुणी उभं असेल, तर पुन्हा वर जातं.

या शेवटच्या वाक्यासाठी मी या खेळाच्या प्रेमात आहे. वर-खाली तर लिफ्टही होते. वाटेत माणूस आहे हे कळून जे मागे सरतं, ते दार.

छत सरकताना दोन्ही बाजूंच्या चौकटीवरचं चित्रही सोबत सरकायला बघतं. त्याला जागीच खिळवण्यासाठी त्या रेघांवर वेगळी खूण करावी लागते. खेळणाऱ्याच्या हे कधी ध्यानातही येत नाही, आणि येऊ नये यासाठीच ते करायचं.

१९९८ च्या 'हाफ-लाइफ'मध्ये बिजागरीवर फिरणारी दारं आहेत. तिथे फळीच्या कडेला एक अदृश्य ठोकळा बसवावा लागतो. तो नसला तर दार नकाशाच्या मध्यबिंदूभोवती फिरतं आणि भिंत सोडून भलतीकडेच निघून जातं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत सुताराने हे कोडं लोखंडाच्या बिजागरीवाचून सोडवलेलं आहे. फळीचीच वरची-खालची टोकं गोल तासून तो उंबऱ्यातल्या आणि वरच्या आडव्या लाकडातल्या खळग्यांत बसवी. फळी कितीही जड असो, तिने कुठे फिरायचं ते आधी ठरे.

लिझ इंग्लंड या गेम डिझायनर बाईंनी २०१४ मध्ये आपलं काम समजावून सांगताना उदाहरण घेतलं ते दाराचंच. कुठलं दार उघडतं आणि कुठलं नुसतंच चितारलेलं आहे, हे खेळणाऱ्याने ओळखायचं कसं? दोघे खेळत असतील, तर मागचा आत येईपर्यंत दाराने थांबायचं का? हे प्रश्न मला फार जवळचे वाटतात.

कारण आमच्या शेजारी, तापीवर, हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. तेही 'डूम'सारखे वर उचलले जातात. तापी-पूर्णेला वरून पूर आला, की किती दरवाजे उघडले याचीच चर्चा पारावर, बसस्टँडवर. आणि उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा जातो: गुरंढोरं पात्रात सोडू नका.

सध्या मी अशाच दरवाज्यांची एक लेव्हल रचतो आहे. सगळ्यांना एकच टॅग, म्हणजे ओळखीचा क्रमांक, दिला, तर एका कळीसरशी सगळे दरवाजे उचलले जातील. मी टॅग वेगवेगळे दिले आहेत, म्हणजे पाणी टप्प्याटप्प्याने सुटेल. त्याआधी भोंगा वाजेल. भोंगा आणि पहिला दरवाजा यांच्यात किती सेकंद ठेवायचे ते अजून ठरलेलं नाही. पात्रातल्या चिखलातून एखाद्या म्हाताऱ्याला म्हैस हाकत काठावर यायला जेवढा वेळ लागेल, तेवढे तरी ठेवायचेच.