चौदा हजारांचे बूट आणि आमच्या काकांचा गुडघा

सकाळी साडेपाचला पालेगावात खाली उतरलात तर तीन प्रकारची माणसं दिसतील. दूधवाले, पहिल्या शिफ्टला निघालेले कामगार आणि आम्ही पाच-सहा जाडे. माझं वय ४६, वजन ९४ किलो. रात्री उशिरापर्यंत बातम्या, अकराला जेवण, मधे वडापाव. शुगर काठावर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला, आणि जमेल तसं हळूहळू पळा.

पहिले बूट मी हातगाडीवरून सातशे रुपयांना घेतले. वरून एकदम ब्रँडेड, तळ मात्र लाकडाचा. महिनाभरात टाच धरली. चूक माझीच, म्हणून गप्प बसलो.

आमच्या ग्रुपमधले एक काका कारखान्यातून रिटायर झालेले, वजन माझ्याहून जास्त. त्यांच्या मुलाने चौदा हजारांचे जाड सोलचे बूट पाठवले. काका खूश. "पत्रकार, ढगावर चालल्यासारखं वाटतं बघा!" दुसऱ्या दिवसापासून थेट चार किलोमीटर पळायला लागले, रोज. तीन आठवड्यांत उजवा गुडघा सुजला. बूट कपाटात गेले आणि काका गेटजवळच्या बाकावर.

ते बघून थोडी शोधाशोध केली. तुमच्याही कामाला येईल म्हणून लिहितोय.

पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट जोर पायावर येतो. म्हणजे माझ्या पायावर दोनशे किलोच्या वर. त्यामुळे भारी माणसाला जास्त गादी हवी, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंवर एक अभ्यास झाला, २०२० साली तो प्रसिद्ध झाला. बूट दिसायला सारखेच, फरक फक्त तळाच्या कडकपणाचा, आणि कोणाला कोणता जोड दिलाय हे सांगितलेलं नव्हतं. सहा महिने लक्ष ठेवलं. एकूणात मऊ बुटांत दुखापती कमी झाल्या. पण वजनाप्रमाणे हिशेब मांडला तर तो फायदा हलक्या लोकांत स्पष्ट दिसला, भारी लोकांत तसा ठाम दिसला नाही!

म्हणून बूट साधेच घ्यायचे का? नाही. चांगले घ्या, पण गुडघ्याचा विमा उतरवला असं समजू नका.

घेताना मी आता एवढं बघतो. दुकानात संध्याकाळी जायचं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. पळताना घालतो तेच मोजे न्यायचे. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि चवडा आवळायला नको. आपल्यातल्या बऱ्याच जणांना रुंद माप लागतं, ते मागून घ्यायचं. तळ रुंद हवा आणि टाचेचा कप घट्ट. बूट घालून एका पायावर उभं राहायचं. गादीवर उभं राहिल्यासारखा पाय डुगडुगला तर तो जोड आपला नाही. एसिक्सचा जेल-निंबस, ब्रूक्सचा ग्लिसरिन, होकाचा बॉन्डाय हे जाड कुशनवाले जोड आहेत, पण महाग. मागच्या वर्षीचं मॉडेल सेलमध्ये मिळालं तर बिनधास्त घ्या. आणि फोम दबतो, बरं का. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदला म्हणतात. आपल्या वजनाला तो आकडा आधीच येतो. वरून बूट नवा दिसतो, आत फोम मेलेला असतो.

पण काकांचा गुडघा बुटाने नाही, घाईने गेला. एक मिनिट पळणं, तीन मिनिटं चालणं, एक दिवस आड, असं दोन महिने केलं असतं तर कदाचित ते आज आमच्यासोबत असते.

आणि दुसरी गोष्ट रस्त्याची. आम्ही पळतो कुठे? एमआयडीसीच्या रस्त्यावर. मागून टँकर, पुढे कुत्री, कडेला उखडलेली खडी, वर बंद दिवा. अशा ठिकाणी बूट कितीही भारी असू देत, पाय मुरगळायला एक खड्डा पुरतो. टॉवर एवढे उभे राहिले, त्यातले चाळिशी-पन्नाशीचे लोक शुगर-बीपी घेऊन पळणार कुठे, हा विचार नकाशा काढताना कोणी केला का? निवडणूक आली की मॅरेथॉनचा टी-शर्ट फुकट मिळतो. आम्हाला टी-शर्ट नको. मातीची एक पट्टी, चार दिवे आणि सकाळचे दोन तास अवजड गाड्या बंद, एवढं पुरे.

परवा काकांना म्हटलं, "चला, फक्त चालू, पळायचं नाही." ते घरात गेले आणि तेच चौदा हजारांचे बूट घालून आले. गेटपासून कोपऱ्यापर्यंत जाऊन परतलो, सावकाश. म्हणाले, "उद्या पण या बोलवायला."

तुमच्या भागात सकाळी सुरक्षित पळायला जागा आहे का? कमेंटमध्ये ठिकाण लिहा. यादी करू आणि ती घेऊनच निवेदन देऊ.